रेवती का भामिनीदेवी?

चूक माझीच. दुपारी लाईट गेली तेव्हा मी गप पडून राहायला हवं होतं. त्याऐवजी मी फोन उघडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "वर्षातली उत्कृष्ट अभिनेत्री कोण? तुमचं मत द्या. आज संध्याकाळी पाचपर्यंत."

आमच्या पडवीत गल्लीतल्या बाया लसूण निवडत बसल्या होत्या. माझ्यासकट अकरा जणी. बाकीच्यांचे फोन नवऱ्यांबरोबर कंपनीत गेलेले, आणि एका फोनवरून एकच मत चालणार होतं. म्हणजे अख्ख्या गल्लीचं मत माझ्या फोनात.

"रेवतीला दे," शेजारची अनिता म्हणाली.

"काय म्हणून?" माझ्या सासूबाई, सोजराबाई, लसणावरची नजर न काढता म्हणाल्या.

रेवती म्हणजे 'सात दारांचं घर' या मालिकेतली सून. भामिनीदेवी तिची सासू. रेवती रडते, भामिनीदेवी रडवते. दोन वर्षं एवढंच चाललंय. (तरी एक भाग चुकला की मला जेवण जात नाही.)

"किती छान रडते," अनिता म्हणाली.

"रडणं म्हंजी काय अ‍ॅक्टिंग हाय व्हय? मला कांदा दे कापायला, मी पण घेऊन दाखवते बक्षीस."

"आवो पण तिनं उपाशीपोटी दोनशे पुरणपोळ्या केल्या!"

"आन् साडीवर पिठाचा एक ठिपका न्हाई. म्हंजी केल्याच न्हाईत."

पलीकडच्या धुरपदामामींनी सासूबाईंची बाजू घेतली. "भामिनीदेवी झोपताना पण नथ घालती. कुशीवर वळली की नाकाचं काय व्हत आसंल? पण तोंडावर आठी न्हाई. ही खरी अ‍ॅक्टिंग."

करुणा म्हणाली, "मालिका राहू द्या, बिबट्याच्या बातम्यांना द्या बक्षीस. मी आयुष्यात तेवढ्याच बघून खरी रडले." (तिच्या दोन शेळ्या गेल्यात.)

मला मात्र खरंच प्रश्न पडला. जी बाई आपल्याला आवडते तिला बक्षीस द्यायचं, का जिचा राग येतो तिला? खोटं वागून खरा राग आणायचा, हे जास्त अवघड नाही का? मी सातवीपर्यंत शिकले, पण असलं काही पुस्तकात नव्हतं.

माझं मन रेवतीकडं होतं. पण सोमवारपासून मला शिक्रापूरला शिवणक्लासला जायचं होतं, माझ्या लेकीला, राजनंदिनीला, सासूबाईंनी सांभाळायचं होतं, आणि त्यांनी अजून 'जा' म्हटलं नव्हतं. रेवतीचं नाव काढून त्यांना दुखवायची माझी काय टाप!

म्हणून मी म्हणाले, "गुप्त मतदान घेऊ. ग्रामपंचायतीसारखं."

झालं. एका ताटात हरभरे आणि चवळी ओतली. हरभरा म्हणजे रेवती, चवळी म्हणजे भामिनीदेवी. मूठ झाकून एक दाणा कळशीत टाकायचा. सातवी पास म्हणून मी अधिकारी. तेवढ्यात प्रचार पण सुरू झाला. अनितानं सगळ्यांना चहा पाजला. धुरपदामामी देव्हाऱ्यातला भंडारा घेऊन आल्या आणि एकेकीला म्हणायला लागल्या, "उचल भंडारा आन् शपथ घे." करुणा म्हणाली, "मामी, चहा अनिताचा प्यायलाय, भंडारा तुमचा कसा उचलू?"

मतदान शांततेत पार पडलं. मी कळशी पालथी केली. पाच हरभरे. पाच चवळ्या.

"अकरावं मत कुठाय?" अनिता ओरडली.

माझी नजर ताटाकडं गेली. ताटाशेजारी आमची दीड वर्षाची राजनंदिनी तोंड उघडं टाकून श्वास घेत बसली होती. नाकातून नुसता सुर्रर्र आवाज.

"नाकात घातला!" मी किंचाळले.

"हरभरा आसंल तर रेवती जिंकली!" अनिता.

"चवळी बारीक आसती, चवळीच जाती नाकात!" धुरपदामामी.

"अगं पोरीचा जीव हाय का मतपेटी?" सासूबाईंनी राजनंदिनीला काखोटीला मारलं आणि रस्त्यावर जीप अडवली. दोन्ही पार्ट्या मागं चढल्या. निकाल सोडून घरी कोण बसणार?

तळेगावच्या डॉक्टरांनी बॅटरी मारली, चिमटा घातला आणि एक दाणा ट्रेमध्ये टाकला. आम्ही अकरा जणी वाकलो.

वाटाणा होता. मोड आलेला.

"चार दिवस तरी झाले असतील," डॉक्टर म्हणाले. "पोरगी सुरसुर करत नव्हती का?"

करत होती ना. सर्दी म्हणून मी चार दिवस ओव्याचा शेक देत होते. (मी रात्रीतून तीन वेळा उठून तिचा श्वास चाललाय का बघते. नाकात डोकवायचं सुचलं नाही.)

"मग आपलं मत कुठं गेलं?" बाहेरच्या बाकावर येऊन बसल्यावर अनितानं एकेकीकडं बोट दाखवत मोजलं. "मी टाकलं, मामींनी, करुणानं..." मोजत मोजत बोट माझ्यापाशी येऊन थांबलं. "तू टाकलं का गं?"

कळशी धरून ठेवण्याच्या नादात अधिकाऱ्यानं मतदानच केलं नव्हतं.

पाचला चार मिनिटं होती. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. सासूबाई राजनंदिनीचं नाक पुसत होत्या. मला शिवणक्लास दिसला, आणि मी डोळे मिटून भामिनीदेवीवर बोट दाबलं.

"तुमच्या मनासारखं केलं, आत्या."

"माझ्या?" सासूबाई चकित झाल्या. "अगं, मी हरभरा टाकला व्हता. म्हटलं, सुनंचा फोन हाय, तिच्या मनासारखं व्हऊ दे. बदल ते!"

"बदलता येत नाही."

"फितूर," अनिता म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून बसली.

"एवढी भेतीस व्हय मला?" सासूबाईंनी विचारलं. मी धीर करून क्लासचा विषय काढणार, तेवढ्यात आतून डॉक्टरांनी हाक मारली.

"अहो, दुसरी नाकपुडी बघायची राहिली."

त्यातनं पण एक वाटाणा निघाला. याचा मोड जरा लांब होता.

सासूबाईंनी वाटाण्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"सोमवारपासनं क्लासला तू जाच," त्या म्हणाल्या. "पोरगी तुझ्यापाशी ठेवण्यात अर्थ न्हाई."