अप्पा रेडकरांचे पंधरा आणे

अप्पा रेडकरांनी उभ्या जन्मात कशालाही सोळा आणे दिले नाहीत. माझ्या बायकोच्या सोलकढीला चौदा, मुलुंडच्या हवेला साडेतेरा, आमच्या लग्नाला बारा. पुढे नवे पैसे आले, आणे गेले, पण अप्पांचे भाव तेच. "सोळा आणे म्हणजे पुरो माल. तो मेल्या, देवाच्या दुकानात मिळता!"

हा माणूस आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत एकटा राहतो, यावर बाहेरच्यांचा विश्वास बसत नसे. फोर्टातल्या एका बड्या पेढीत ते फार वरच्या जागेवर होते. पेढी लोकांच्या कारखान्यांत पैसा घालून भाग घ्यायची आणि कारखान्याने बाळसं धरलं की भाग विकून मोकळी व्हायची. पैसा कुठे घालायचा ते अप्पा ठरवत. कारकून म्हणून लागलेला मालवणचा माणूस, आणि समोर मोठमोठे शेठ हात जोडून उभे! आमच्या अख्ख्या चाळीची कॉलर त्यामुळे ताठ असे.

शेठ वह्या उघडून बसत. अप्पा मात्र सरळ कामगारांच्या मडक्याकडे जात, पाणी पीत आणि आत वाकून बघत. "मडक्याच्या तळाक मालक दिसता." एका शेठने अप्पांसाठी बर्फ घालून सरबत मागवलं, कामगारांच्या मडक्यात मात्र शेवाळ. शेठला सहा आणे मिळाले. पैसा मिळाला नाही.

मी नोकरी सोडून बिजागऱ्यांचा कारखाना काढला होता. बायकोच्या पाटल्या त्यात गेल्या होत्या आणि पेढीने हात दिला नसता तर वाट लागली असती. अप्पा येणार म्हणून मी तीन दिवस मडकं घासत होतो. अप्पा प्यायले, वाकले.

"माझ्यासाठी घासलंस. पण तुझो पेलोही हयच दिसता, म्हणजे तूय ह्याच पाणी पितंस. पंधरा!"

त्या पंधरा आण्यांवर आम्ही उभे राहिलो. काही वर्षांनी पेढीने आमच्या कारखान्यातला आपला भाग विकला आणि त्याच महिन्यात अप्पा निवृत्त झाले. मी पेढे घेऊन गेलो. "अप्पा, आता रोज कारखान्यात चहाला या."

"नाय रे. भाग विकलो, उंबरो सुटलो. नियम आसा माझो." आत गेलो तर तोंड गप्प राहणार नाही, आणि नव्या भागीदाराला म्हातारा अजून मालकी सांगतोय असं वाटेल, हे त्यांचं म्हणणं.

पण पुढच्याच आठवड्यात कारखान्यासमोर, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला छत्री टेकून अप्पा उभे! कान आमच्या यंत्रांकडे. "दुसऱ्या लेथाक तेल घाल रे!" एवढं ओरडून चालते झाले. भांडुपचा एक कारखानदार मला म्हणाला, "तो छत्रीवाला ना? आमच्याही समोर उभा असतो."

मला फार वाईट वाटलं. या माणसाने एवढे कारखाने उभे केले, आणि त्यातल्या एकातही त्याला टेकायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी मडकं उचललं आणि उंबऱ्याबाहेर, पायरीवर ठेवलं. शेजारी एक स्टूल.

अप्पा आले. उंबऱ्याकडे पाहिलं, मडक्याकडे पाहिलं, मग स्टुलावर बसून सावकाश पाणी प्यायले. नंतर मडक्यात वाकले, ते बराच वेळ वर आलेच नाहीत.

"किती, अप्पा?" मी विचारलं.

"पंधरा." आवाज जरा ओला होता. "एक आणो रवांदे. उद्या येवक निमित्त व्हया ना!"