दंतोपंतांचा न आकसणारा मसाला

मुलांनो, एका जंगलात दंतोपंत खवले राहत. जातीने खवल्या मांजर. मुंग्या गिळून जगायचे, तोंडात औषधालाही दात नाही. म्हणूनच की काय, जंगलाने त्यांच्याकडे दातांचं संशोधन सोपवलं होतं.

किडलेल्या दाढेत भरायचा मसाला कडक होताना आकसे. कडेला फट पडे, फटीत अन्न अडके आणि दाढ पुन्हा किडे. न आकसणारा मसाला शोधायचा, हे दंतोपंतांचं काम.

पुष्कळ खटपटीनंतर त्यांनी एक मसाला बनवला. दगडाच्या खळग्यात भरला, उन्हात ठेवला, मग भिंगातून पाहिला. केसाएवढीही फट नाही!

सभा भरली. सभापती तरसराव गहिवरले. दंतोपंतांच्या गळ्यात हार पडला.

जांबूआत्या अस्वलीण बरेच दिवस दाढ धरून कण्हत होत्या. मध खाल्ला की कळ मस्तकात जाई. दंतोपंतांनी त्यांची दाढ भरली.

दुसऱ्या दिवशी आत्या दारात हजर.

"दंतोपंत, तुमचा मसाला मी गिळला हो."

"गिळला?"

"मधाबरोबर. चव बरी होती. दाढ मात्र ठणकतेय."

दंतोपंत खळग्याकडे धावले. मसाल्याला नख लावलं. नख खोल रुतलं. मसाला कडकच झाला नव्हता, तर आकसणार कसा?

दंतोपंत अंगाचं वेटोळं करून, शेपटीत तोंड खुपसून बसले. "भिंग लावलं, भाषण ठोकलं, हार घातला," आतून आवाज आला, "नख तेवढं लावायचं राहिलं! शाबास, दंतोपंत!"

मग ते उठले. मसाल्यात दगडाची बारीक पूड कालवली. आत्यांच्या दाढेत पातळ थर दिला. तो कडक झाल्यावर दुसरा. मसाला किंचित आकसला, पण घट्ट बसला. आत्यांनी मध चाटला, वर आवळा फोडला.

"गेली हो कळ!" म्हणत त्यांनी अशी मिठी मारली, की दंतोपंतांचे खवले कडकडले.

पुन्हा सभा भरली.

"नवा मसाला आकसतो?" तरसरावांनी विचारलं.

"थोडासा. पण टिकतो."

"आणि जुना?"

"मुळीच नाही. पण तो तर—"

"म्हणजे तुमची प्रगती उलटी झाली!"

"अहो, माझी दाढ तरी बघा!" आत्या ओरडल्या.

"खासगी गोष्टी सभेनंतर," तरसराव म्हणाले. त्यांनी दंतोपंतांचा हार काढून घेतला आणि जुना मसाला जंगलभर लागू केला.

तात्पर्य : मुलांनो, कुठलीही चाचणी हार गळ्यात पडताच थांबवावी. पुढे केली तर फक्त दाढ बरी होते.