अण्णांना हॉर्न

गाडी चालवायला शिकायचं मी ठरवलं ते हौसेखातर नव्हे, हे आधीच सांगून टाकते. कारण आमच्या अंधेरीच्या आळीत त्याबद्दल निराळंच बोललं जातं. (समोरच्या सुगंधाबाईंच्या मते मला सिनेमात जायचंय.) खरं कारण आमची नीला. चार वर्षांची पोर, पण हवा जरा पालटली की तिची छाती वाजायला लागते. डॉक्टर राहतात रेल्वे फाटकापलीकडे, आणि टांगेवाल्याला घाई सांगितली की नेमका त्याचा घोडा दमलेला असतो.

आणि घरात गाडी! ह्यांच्या मामांची नागपूरला बदली झाली तेव्हा त्यांची जुनी ऑस्टिन आमच्या अंगणात तुळशीशेजारी येऊन बसली, ती बसलीच. ह्यांची नोकरी फिरतीची. घरी असले की गाडी पुसत. चालवायची कोणी?

"तू चालव की!" असं म्हणून हे सोलापूरला निघून गेले.

माझा स्वभाव असा, की दूध उतू जाईल या धास्तीनं मी ते तापायच्या आधीच उतरवते. तेव्हा गाडीला हात लावण्यापूर्वी मी नियमांचं पुस्तक पाठ केलं. पोळ्या लाटताना पुटपुटायचे : डावी बाजू सोडू नये, वळण्यापूर्वी हात बाहेर काढून दाखवावा, पुढच्याला ओलांडायचं तर उजवीकडून आणि आधी हॉर्न देऊन. नीला तर न्हाणीघराकडे वळतानाही हात दाखवायला लागली. मग शेजारच्या वनमालाच्या भावानं, श्यामसुंदरनं, मला गाडी शिकवली. (तो हल्ली आमच्या दारावरून जात नाही, पण ते असो.)

परीक्षेच्या दिवशी धुरंधर नावाचे साहेब शेजारी येऊन बसले. मी हात दाखवला, वळले, थांबले, पुन्हा निघाले. साहेबांच्या मिशा जरा सैल झाल्या. आणि तेवढ्यात समोर, रस्त्याच्या अगदी मधोमध, अण्णा!

अण्णा म्हणजे माझे सासरे. निवृत्त हेडमास्तर. 'कडेकडेनं चोर चालतात' असं त्यांचं ठाम मत असल्यामुळे ते कायम मधूनच चालतात, खांद्यावर छत्री टाकून, संथ. त्यांची पाठ दिसताच माझा हात आपोआप चाकावरून सुटला आणि पदर डोक्यावर आला.

"दोन्ही हात चाकावर!" साहेब ओरडले. "आणि हॉर्न द्या."

"कोणाला?"

"त्या समोरच्या म्हाताऱ्याला!"

"अहो, म्हातारा काय म्हणता! माझे सासरे आहेत ते."

"मग सासऱ्यांना द्या!"

आता या माणसाला समजावू तरी कसं? ज्यांच्यासमोर मी कधी मोठ्यानं खोकले नाही, चहा झाला हेसुद्धा ज्यांना बांगड्या वाजवून कळवते, त्यांच्या पाठीवर भोंगा? पुस्तकात बैलगाडी होती, मेंढरं होती, प्रेतयात्रासुद्धा होती. सासरे नव्हते!

"बरं बाई, मग नुसत्या ओलांडून तरी जा."

"हॉर्न दिल्याशिवाय ओलांडू नये. नियम आहे."

"मग द्या ना हॉर्न!"

"तेच तर जमत नाही ना!"

मागे एक टांगा, बर्फाची हातगाडी आणि बस अशी रांग लागली.

"ओ बाई, बारात है क्या?" टांगेवाला ओरडला.

"बारातच! नवरदेव बघ ना, पायी चाललाय!" बर्फवाला म्हणाला.

शेवटी साहेबांनी स्वतःच हात लांब करून भोंगा दाबला. अण्णा गर्रकन वळले. क्षणभर डोळे वटारले, मग चेहरा खुलला. "वा, वसुधा! न्यायला आलीस वाटतं?" असं म्हणून मागचं दार उघडून बसलेसुद्धा.

"अण्णा, परीक्षा चालू आहे."

"चालू दे की. मी मध्ये बोलत नाही. पुढून उजवीकडे घे, भाजी घ्यायचीय."

नापास झाले, हे सांगायला नकोच. धुरंधर साहेबांनी निकालही मला न सांगता अण्णांना सांगितला. "बाईंना गाडी येते. नियम तर माझ्यापेक्षा जास्त येतात. फक्त हॉर्न वाजवायला शिकवा आणि पुन्हा आणा."

आयुष्यभर मुलं पास करणाऱ्या अण्णांच्या घरातलंच माणूस नापास! दुसऱ्या दिवशी सकाळीच ते आळीत उभे. "मी पुढे चालतो. तू वाजव."

आळीतल्या यच्चयावत खिडक्या उघडल्या. मी बोट टेकवलं.

"हा हॉर्न की चिचुंद्री? जोरात! माझी आज्ञा आहे!"

मी डोळे मिटून भोंगा दाबला. कावळे उडाले. सुगंधाबाईंच्या हातातलं पातेलं पडलं. मग मी खाली उतरून अण्णांना वाकून नमस्कार केला.

"अखंड सौभाग्यवती भव," अण्णा म्हणाले. "पुन्हा वाजव."

पुढच्या खेपेला पास झाले. लायसन्स देवापुढे ठेवलं आणि त्याच आठवड्यात नीलाची छाती भाता ओढावा तशी वाजू लागली. मी तिला शेजारी बसवलं, अण्णा मागे बसले आणि निघालो. फाटकाजवळच्या बाजारात गाडी अडकली. मी भोंगा वाजवून वाजवून दमले. लोक नुसते वळून बघत, बाई चालवतेय म्हणून आणखी चार जणांना बोलावत.

अण्णा ताडकन उतरले, छत्री उगारून पुढे झाले. "बाजूला व्हा! पोर आजारी आहे!"

गर्दी फाटली. फाटकही नशिबानं उघडं होतं. पलीकडे पोचलो, तर डॉक्टरांच्या दारापर्यंत रस्ता मोकळा. एक कुत्रंसुद्धा नाही. आणि त्या मोकळ्या पण अरुंद रस्त्याच्या मधोमध, छत्री उंच धरून, 'बाजूला व्हा'चा घोष करत, संथपणे, अण्णा.

"आई... हॉर्न दे," नीला धापा टाकत म्हणाली.

माझा हात पदराकडे निघाला होता. तिच्याकडे पाहिलं आणि तो तसाच वळवला. म्हटलं, सूनपण गेलं खड्ड्यात! सगळा जीव एकवटून भोंगा दाबला.

अण्णांनी मागे वळूनही पाहिलं नाही. छत्री हलवून म्हणाले, "शाब्बास! पुन्हा!"

मी पुन्हा वाजवला.

"उत्तम! चालू ठेव!" आणि अण्णा पुढे चालू.

अशी आमची मिरवणूक वाजतगाजत दवाखान्याशी पोचली. डॉक्टरांनी धावत येऊन नीलाला उचललं, औषध दिलं. हळूहळू तिचा श्वास ताळ्यावर आला, ती हसलीसुद्धा. मी भिंतीला टेकून डोळे पुसले.

डॉक्टर हात पुसत माझ्याकडे आले. "पोर ठीक आहे, वहिनी. पण गाडी बंद पडली होती, तर कोणाकडून तरी निरोप धाडायचा. मी खिडकीतून पाहत होतो. अहो, ह्या वयात अण्णांना ओढायला लावलीत?"