तात्यांच्या खळ्यावरचा हवाई स्टँड

दर रविवारी सकाळी आमचे शेजारी तात्या आपल्या खळ्यावर चुन्यानं भलामोठा गोल काढतात. मग त्यातून कोंबड्या हाकलतात. "हट्! वरून गाडी येल!" आमच्या वैशाखरे गावात नवा आलेला माणूस घाबरून वर बघतो. आम्ही बघत नाही, आम्हाला सवय झालीय.

गाडी म्हणजे उडणारी टॅक्सी. तात्यांनी तीस वर्षं मुरबाड-कल्याण सीट भरून जीप चालवली. गुडघे गेले तशी जीप विकली आणि हातात मोबाइल आला. त्यात कुठल्याशा देशातली टॅक्सी इमारतींवरून भुर्रकन जाताना दिसली आणि म्हातारा कामातून गेला. "मास्तर, खाली जाम, वरती आराम!" हे मला दिवसातून दहादा ऐकावं लागतं. मी शाळेत निघालेला असो की तोंडाला साबण फासून दाढी करत असो, तात्यांना फरक पडत नाही.

त्यांचा अभ्यास मात्र पक्का. शहरातली निम्मी माणसं वर गेली की खालचे रस्ते आपोआप मोकळे, हे त्यांचं गणित. मी मुद्दाम खोडा घातला, "आणि वरच जाम झाला तर?"

"रिक्षावाल्यांना वर सोडलं तरच व्हईल," तात्या गंभीरपणे म्हणाले. "त्यांना पयल्या दिवसापासून बंदी."

मागे जमिनीच्या मोजणीला गावात ड्रोन आलं. तात्यांना वाटलं, झाली ट्रायल सुरू! गुडघे विसरून ते खळ्यावर धावले आणि दोन्ही हात हलवून ड्रोनला स्टँडात लावू लागले. "येऊ दे, येऊ दे... डावी मार... बस्स!" ड्रोन आंब्यावरून सरळ निघून गेलं. तात्या मोजणीवाल्या पोरापुढे जाऊन धडकले. "कल्याणला किती सीट?"

"आजोबा, यात माणूस बसत नाही."

"आज नाय बसत," तात्यांनी त्याचीच समजूत घातली. "आमच्या जीपमदी पण कंपनीनं नऊच सांगितलेले. आमी चौदा नेले."

हसून हसून माझी पुरेवाट झाली. पण पहिली सीट कोणाची, असं विचारलं की तात्या हसत नाहीत. "मंगलची," एवढंच म्हणतात. मंगल त्यांची एकुलती एक लेक, ठाण्यात नर्स. रविवारी सुट्टी असते, पण ठाण्याहून इथवर यायचं तर अर्धी सुट्टी येताना ट्रॅफिकमध्ये जाते आणि उरलेली परतताना. होळीला आली ती उभ्याउभ्या चहा पिऊन गेली.

गेल्या रविवारी मात्र ती जेवायला नक्की येणार होती. मी सकाळी डोकावलो तर तात्या शेवळं निवडत बसलेले. शेवळं ही आमच्याकडची रानभाजी, जूनमध्ये थोडेच दिवस मिळते. तिच्यात काकडं नावाची आंबट रानफळं पुरेशी पडली नाहीत तर घसा खाजतो. मंगलला ही भाजी जिवापाड आवडते. करायची तिची आई, पण ती जाऊन तीन वर्षं झाली. तात्या ती आयुष्यात पहिल्यांदाच करत होते.

दीडला फोन आला. तात्यांनी स्पीकर लावला.

"बाबा, दोन तास कल्याणच्या पुलावरच आहे. आता आले तर लगेच निघावं लागेल. पहाटे ड्युटी आहे हो."

"फिर बाय, माघारी फिर. उगा हाल नको करून घेऊ," तात्या म्हणाले. "मी पण अजून काय केलं नाय जेवायला."

फोन ठेवून त्यांनी तिच्यासाठी मांडलेलं ताट माझ्यापुढे सरकवलं. मी घास घेतला आणि घसा असा खाजू लागला की डोळ्यांत पाणी आलं.

"फक्कड झालीय," मी म्हणालो.

तात्यांनीही घास घेतला. खोकले, डोळे पुसले, पुसतच राहिले. मला फार वाईट वाटलं.

"बरं झालं मास्तर, पोर नाय आली," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी काकडं जास्त घालतो. बाजारात शेवळं अजून आठ दिस तरी मिळतील ना?"