टेबलाचा चौथा पाय

भरतीच्या परीक्षेचा निकाल लागला आणि नवरा-बायको इतक्या हळू आवाजात भांडू लागले, की ते नीट ऐकू यावं म्हणून पलीकडच्या खोलीत आईंना टीव्ही बंद करावा लागला.

"तुला किती पडले?"

"तुला पडले तेवढेच."

"तेवढेच कसे पडतील?"

"शिकवलंय कोणी मला?"

यावर मास्तरने यादी पुन्हा वरून वाचायला घेतली. मास्तर म्हणजे नवरा. तो एका खाजगी अभियांत्रिकी कॉलेजात शिकवायचा, आणि घरी आल्यावरही शिकवणं थांबवायचा नाही, म्हणून बायकोनेच त्याला हे नाव ठेवलं होतं. बायको पाणीपुरवठा खात्यात कंत्राटावर होती. पंपघर तिच्या ताब्यात. जेवताना लांबून येणारी पंपांची घरघर जराशी बदलली, तरी तिचा घास हातातच थांबायचा. तिचं कंत्राट महिनाअखेरीस संपत होतं, आणि त्याच खात्यात कनिष्ठ अभियंत्याची एकुलती एक कायम जागा निघाली होती.

मास्तरला ती नोकरी नको होती. पण परीक्षेच्या हॉलमध्ये बायकोचे हात गार पडायचे. "तू नुसता माझ्या आसपास बस रे," एवढ्या एका वाक्यावर त्याने अर्ज भरला होता. दोघांनी जेवणाच्या टेबलावर जोडीने अभ्यास केला. त्याने शिकवलं, तिने लिहून घेतलं. त्यातलं पाण्याच्या दाबाचं एक प्रकरण त्याने आत्मविश्वासाने चुकीचं शिकवलं, आणि तिने ते तितक्याच विश्वासाने पाठ केलं. त्यामुळे दोघांची बरोबर उत्तरं तर सारखी आलीच, पण चुकलेलीही सारखीच आली. यादीच्या डोक्यावर दोघं शेजारी शेजारी उभे होते, लग्नाच्या फोटोत होते तसे.

"पेपर कोरा का नाही ठेवलास?" बायको म्हणाली.

"प्रश्न समोर आला की राहवत नाही गं मला."

खरी पंचाईत पुढेच होती. गुण समान असतील तर उच्च शैक्षणिक अर्हता असलेल्या उमेदवाराला प्राधान्य, असं जाहिरातीत स्वच्छ छापलं होतं. बायको बी. ई. होती. मास्तर एम. टेक. होता, आणि अर्जातला तो रकाना त्याने मोठ्या हौसेने भरला होता.

दुसऱ्या दिवशी तो खात्याच्या हेडक्लार्ककडे गेला. "समजा, मी माघार घेतली तर?"

"मग जागा पुढच्या जाहिरातीत. या भरतीला प्रतीक्षा यादी नाही, त्यामुळे तुमच्या जागी दुसऱ्याला घेता येत नाही."

"आणि पडताळणीला आलोच नाही तर?"

"समान गुणवाल्यांची पडताळणी एकत्रच होते. एक जण नसला की पुढची तारीख. मागच्या वेळी पुढची तारीख आली तेव्हा उमेदवाराचा मुलगा शाळेत जायला लागला होता." हेडक्लार्कने मान वर केली. "पण तुम्ही का घाबरताय सर? एम. टेक. आहात. नोकरी तुमचीच!"

मास्तर घरी येताना सगळ्या वाटा तपासत राहिला आणि फाटकापाशी एकदम हसला. त्याची पदवी मुळात त्याच्याकडे होतीच कुठे? विद्यापीठाच्या वाचनालयातून घेतलेलं पंपांवरचं एक जाडजूड पुस्तक त्याने कधी परत केलं नव्हतं. पुस्तक नाही म्हणून ना-देय दाखला नाही, आणि दाखला नाही म्हणून पदवी नाही. या आळसावरून बायको इतकी वर्षं त्याला टोचून बोलत आली होती. तोच आळस आता तिच्या कामी येणार होता. पडताळणीला जायचं, पदवी नाही म्हणायचं आणि सरळ हरायचं. त्याने हे कोणालाच सांगितलं नाही. फक्त तेव्हापासून तो शीळ घालत हिंडू लागला, आणि बायको त्याच्याकडे तिरक्या नजरेने बघू लागली.

पडताळणीच्या सकाळी त्याने टेबलावर कोपर टेकलं, तशी कपातला चहा थेट त्याच्या बाहीवर आला.

"हे टेबल हल्ली का डुगडुगतंय?"

"फरशी खचली असेल," बायको दुसरीकडे बघत म्हणाली. "तू हो पुढे. मला एक काम आहे, मागून येते."

पडताळणीच्या खोलीत अध्यक्ष म्हणून एक वयस्क इंजिनिअर बाई बसल्या होत्या. शेजारी हेडक्लार्क.

"एम. टेक.चं मूळ प्रमाणपत्र?"

"नाही," मास्तर प्रसन्न चेहऱ्याने म्हणाला.

"हरकत नाही. तात्पुरतं असेल."

"हरवलं."

"गुणपत्रक?"

"भिजलं. शाई पसरली."

"म्हणजे होतं ना!" हेडक्लार्क खूश झाला. "काळजी करू नका. उच्चशिक्षित उमेदवारांना आपण सवलत देतो. साध्या कागदावर हमीपत्र लिहून द्या, पदवी सवडीने आणा."

मास्तर खुर्चीत पुढे सरकला. "अहो, पण मी शिकलोय याला पुरावा काय?"

"तुमच्या बोलण्यावरूनच कळतं सर. न शिकलेला माणूस इतक्या शंका काढत नाही."

"मला काही येत नाही हो! दाबाचं अख्खं प्रकरण मी चुकीचं शिकवलंय."

"बघा मॅडम, केवढी नम्रता," हेडक्लार्क अध्यक्षबाईंना म्हणाला आणि त्याने कोरा कागद पुढे सरकवला. मास्तरने पेन उचललं, खाली ठेवलं, पेनात शाई नाही म्हणाला. हेडक्लार्कने स्वतःचं दिलं. आता हात दुखतोय म्हणावं का, या विचारात तो असतानाच दार ढकलून बायको धापा टाकत आत आली. तिच्या हातात एक लांब नळकांडं होतं.

"थांबा! आणलीय त्याची पदवी."

मास्तरला पहिल्यांदा आठवलं ते सकाळचं टेबल. इतकी वर्षं त्या टेबलाच्या आखूड पायाखाली वाचनालयाचं ते पुस्तकच तर होतं.

"तू पुस्तक परत केलंस?"

"केलं. टेबलाखाली चपटं झालेलं ते पुस्तक वाचनालयाचंच आहे हे तिथल्या बाईंना पटेना. विद्यापीठात खेटे घातले, तेव्हा काल शिक्का बसला, आणि आत्ता सही घेऊन आले."

"अगं, वेडी का तू? नोकरी गेली ना तुझी!"

"मग जाऊ दे! तू शीळ घालायला लागलास तेव्हाच कळलं मला, तू मुद्दाम हरणार. मला तसली खुर्ची नकोय." तिने नळकांडं अध्यक्षबाईंपुढे ठेवलं. "तुझा अख्खा प्रबंध मी टाइप केलाय, मास्तर. ती पदवी अर्धी माझी आहे. ती नाहीच असं तू कोणाला सांगायचं नाहीस."

मास्तरने तिचा हात धरला. परीक्षेच्या हॉलमध्ये असायचा तसाच गार होता.

अध्यक्षबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग प्रमाणपत्र उलगडून वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचलं.

"यावर तारीख कालची आहे."

"हो मॅडम. ताजी आहे," बायको म्हणाली.

"अर्हता अर्जाच्या शेवटच्या दिवशी हातात असावी लागते. ही पदवी त्यानंतरची आहे. तिच्या आधारे प्राधान्य देता येत नाही."

"अरेरे!" हेडक्लार्क मनापासून हळहळला. "हमीपत्र लिहिलं असतंत तर तारखेचा प्रश्नच आला नसता."

"म्हणजे मी हरलो?" मास्तर उठून उभा राहिला.

"अजून नाही. दोघंही बी. ई., गुण समान. आता पुढचा निकष." अध्यक्षबाईंनी नियमावलीचं पान उलटलं. "वयाने जो मोठा, त्याला."

बायको गोरीमोरी झाली. ती मास्तरपेक्षा आठ महिन्यांनी मोठी होती, आणि लग्न ठरताना मास्तरने आईला ती चार महिन्यांनी लहान असल्याचं ठोकून दिलं होतं. तेव्हापासून बायकोचा वाढदिवस या घरात एक मेणबत्ती कमी लावून व्हायचा.

"मॅडम, जरा हळू वाचाल का?" ती म्हणाली.

अध्यक्षबाईंनी जन्मतारखा अगदी कुजबुजत वाचल्या आणि नियुक्तीवर सही केली.

संध्याकाळी बातमी ऐकून आईंनी सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. मास्तर टेबलाखाली वाकला होता. पुस्तकाच्या जागी त्याने आपला प्रबंध सरकवला, आणि तो इतका चपखल बसला, की हे टेबल त्याचीच वाट बघत होतं असं वाटावं.

"पण मला एक सांग," आई म्हणाल्या, "त्याचं शिक्षण जास्त, मग जागा तुला कशी दिली?"

बायकोने टेबलाखाली बघितलं. तिथून मदत येण्याची चिन्हं नव्हती. "आई... वयावर दिली. मी मोठी आहे त्याच्यापेक्षा. आम्ही तुमच्याशी खोटं बोललो."

"हात्तिच्या!" आईंनी टेबल हलवून बघितलं. ते जराही हललं नाही. "ते मला लग्नाच्या आधीपासून माहीत आहे. मी म्हटलं, असू दे. या घरात एक तरी मोठं माणूस हवंच होतं."