देवरावकाकांचं माप

आमच्या शेजारच्या देवरावकाकांना खिडकीची उंची विचारा, फुटात सांगतील. रुंदी विचारा, सेंटीमीटरमध्ये. एकाच खिडकीची! टेपला दोन बाजू आहेत तर एकीवर अन्याय कशाला, असं त्यांचं म्हणणं.

याच न्यायानं त्यांनी सेलूच्या वेल्डरला कूलरचा स्टँड सांगितला, "अडीच फूट उंच, रुंदी साठ." वेल्डर बिचारा सरळमार्गी, त्यानं साठ इंच केला. आता कूलर एका कोपऱ्यात पाहुण्यासारखा अंग चोरून बसतो आणि उरलेल्या जागेत काकू पापड वाळवतात. मी हसले तर काका माझ्यावरच डाफरले, "मापात राह्य! जागा मुद्दाम सोडली मी." चूक कबूल करतील तर ते देवरावकाका कसले!

मे महिन्यातल्या एका दुपारी मात्र हेच काका अनवाणी धावत आमच्या दारात आले. वर्ध्याकडच्या उन्हात अनवाणी!

"पोरी, चाल लवकर. तुही काकू थंडगार पडून राह्यली!"

काकूंना सकाळपासून कणकण होती. मुलानं पुण्याहून पाठवलेलं नवं थर्मामीटर काकांनी लावलं, तर आकडा आला एकोणचाळीस.

"मानसाले अठ्ठ्याण्णव पाह्यजे," काका म्हणाले. "बाहेर पंचेचाळीस हाय. हवेपेक्षा थंडी झाली वं ते!"

जाऊन बघते तर काकूंवर दोन गोधड्या, वर काकांचा स्वेटर. आतून क्षीण आवाज आला, "भाजून राह्यला मले हा मानूस!"

मला हसू आणि राग एकदमच आला. गोधड्या भिरकावल्या, कपाळावर ओली पट्टी ठेवली. थर्मामीटर सेल्सिअसवर होतं. बटण दाबून पुन्हा लावलं, तर एकशे दोन.

"एकशे दोन!" काका बायकोला ताप आहे या आनंदात घळाघळा रडले. मग मी त्यांना चपला घालायला लावून डॉक्टरांकडे पिटाळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते थर्मामीटर माझ्याच हातात दिलं. "तुह्याजवळ ठेव. मी आपला कपाळावर हात ठेवून बसतो."

"अहो, मग ताप उतरला हे कळणार कसं?"

"ताप उतरला का तुही काकू माहा हात झटकते. एवढ्या वर्साचा अनुभव हाय!"

संध्याकाळी भिंतीपलीकडून काकू कडाडल्या, "काढा तो हात! भाकरी कोन टाकीन?"

"उतरला रे बापा!" काकांचा आवाज चिरकला. "तू निजून राह्य. भाकरी मी टाकतो. किती इंची पाह्यजे?"