माझ्या चारही सोंगट्या घरी पोचल्या, त्याची गोष्ट

लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी एक निर्णय घेतला. सासरी एखादी गोष्ट कळली नाही, तर विचारायचं नाही. गप्प बसून बघायचं. चारदा बघितलं की आपोआप कळतं. (गीझरचं बटण कुठे आहे ते मला असंच कळलं. तोवर गार पाण्यानं अंघोळी केल्या, पण कुणाला विचारलं मात्र नाही. स्वाभिमान म्हटला की अंगावर काटा येणारच.)

तसा या बाबतीत माझा अभ्यास आहे. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. समोरच्या तक्त्यावरची अक्षरं ज्यांना दिसत नाहीत, ती माणसं "दिसत नाही" असं कधीही म्हणत नाहीत. डोळे बारीक करून ठणठणीत आवाजात भलतंच अक्षर सांगतात. मी मनातल्या मनात हसते आणि पुढची काच घालते. आपण त्या जातकुळीतले नाही, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

घरात आम्ही पाच माणसं. सासरे लिफ्ट तपासणारे इन्स्पेक्टर होते. आता निवृत्त आहेत आणि कुठेही जायचं झालं तरी जिन्यानंच जातात. सासूबाई शाळेत खेळ आणि कवायत शिकवायच्या, त्यामुळे "चहा झालाय" हेसुद्धा मैदानाच्या पलीकडच्या टोकाला ऐकू जाईल अशा बेतानं सांगतात. वरच्या मजल्यावर आत्याबाई, म्हणजे सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. त्या कपडे शिवतात. आणि माझा नवरा. तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीत बसतो आणि दिवसभर लोकांना "होईल, होईल" असं सांगतो. सवय अशी, की घरी आल्यावरही तेच सांगतो.

त्याच्या या "होईल"चा मुख्य विषय म्हणजे आमची खोली. ती मधली. तिच्या एका दारापलीकडे सगळं घर आणि दुसऱ्या दारापलीकडे बाथरूम. म्हणजे ज्याला कुणाला जायचं असेल, त्याचा रस्ता आमच्या पलंगाच्या पायथ्याशी. सासरे घसा खाकरत जात. सासूबाई "मी काही बघत नाहीये हं!" अशी दवंडी पिटत जात, त्यामुळे ज्यांचं लक्ष नसे त्यांचंही जाई. आत्याबाईंच्या वरच्या नळाला धार येत नाही (भाचा पाणीपुरवठ्यात आहे, त्यामुळे कसं येणार?), तेव्हा त्याही बादली घेऊन खाली येत. आम्हा दोघांना एकमेकांशी दोन वाक्यं बोलायची असली, तर भाजी आणायच्या निमित्तानं बाहेर पडावं लागे. त्या महिन्यात आमच्या घरात भाजी सडत होती, इतकी आम्ही आणली.

गच्चीवर मात्र एक खोली रिकामी होती. एक दार, एक खिडकी, आणि कुणाच्याही वाटेत नाही. आत फक्त रंगाचे सुकलेले डबे. ती आम्हाला हवी होती. पंचाईत अशी, की ती आत्याबाईंनाही हवी होती. कापड बेतायला त्यांना अडगळीत पडलेलं मोठं टेबल तिथे टाकायचं होतं. सध्या त्या पलंगावर कापड पसरून बेतत, आणि एकदा गिऱ्हाइकाच्या पायजम्याबरोबर स्वतःचा पलंगपोसही कापून बसल्या होत्या. म्हणजे त्यांचीही बाजू काही लेचीपेची नव्हती.

अशा वेळी आमच्या घरात न्यायनिवाडा सारीपाटावर होतो.

"तोंडानं भांडलं की शेजारी ऐकतात," सासरे म्हणाले. "फाशांनी भांडलं की कुणाला पत्ता लागत नाही. रविवारी होऊन जाऊ दे. ताई, तू आणि ही एका बाजूला. मी आणि..."

त्यांनी मुलाकडे बघितलं आणि मान फिरवली. माझ्या नवऱ्याला सारीपाटाची बंदी आहे. लहानपणी हरायला लागला की दर वेळी पट "चुकून" त्याच्या पायात अडकायचा. दहाव्या वर्षी त्याला कायमचं बाद केलं.

"...मी आणि सूनबाई," सासऱ्यांनी वाक्य पुरं केलं. "काय गं, खेळता येतो ना?"

मी तोंड उघडायच्या आत नवरा बोलला, "तिला? अहो बाबा, तिचं निरीक्षण काय आहे तुम्हाला कल्पना नाही! ती बोलत नाही, पण सगळं टिपते."

मी नुसती हसले. (हसणं म्हणजे होकार नव्हे, असं मी स्वतःला बजावलं. सारीपाट मी त्याआधी फक्त एकदा पाहिला होता, तोही घडी घालून कपाटात ठेवलेला.)

त्या संध्याकाळी सराव सुरू झाला. अधिक चिन्हासारखा चार हातांचा कापडी पट, प्रत्येकाच्या चार सोंगट्या, आणि बोटभर लांबीचे फासे. माझ्या हिरव्या, समोर माझे भिडू म्हणून सासरे, त्यांच्या लाल. आत्याबाईंच्या पिवळ्या, सासूबाईंच्या काळ्या. एवढं बघितल्यावर कळलं. आता सोंगट्या कुठून कुठे जातात ते कळायचं होतं, पण तेवढ्यात माझ्यावर दान आलं. मी फासे टाकले, आणि हाताला जी सगळ्यात जवळ होती ती सोंगटी उचलून तेवढी घरं पुढे सरकवली.

सगळे पटावर वाकले.

"पाहिलंस, ताई?" सासरे हळूच म्हणाले. "पुढची सोडून मागची काढली!"

"पाहिलं ना," आत्याबाई म्हणाल्या. "पुढची आमिषाला ठेवलीय. मी नाही बाई मारायची ती. मारायला गेले की अडकवेल."

"वन्सं, मारा हो! काही अडकवत नाही!" सासूबाई गरजल्या.

"तुला काय कळतंय? गप्प बसलीय बघ कशी. जो गप्प बसतो त्याच्या डोक्यात शिजत असतं."

माझ्या डोक्यात तेव्हा काही शिजत असेल, तर ते एवढंच, की आमिषाला ठेवलेली सोंगटी म्हणजे माझी यांतली नेमकी कुठली. पण आत्याबाईंनी ती मारली नाही, पुढच्या खेपेला ती आपसूक निसटली, आणि सासऱ्यांनी मांडीवर थाप मारली. "अरे वा! काय निभावून नेली!"

मग पुढे काय सांगू? बघता बघता मला खरंच यायला लागलं. सोंगट्या पटाभोवती फिरवून मधल्या घरात न्यायच्या, हे कळलं. शत्रूची सोंगटी आपल्या घरावर येऊन बसली की आपली मरते आणि पहिल्यापासून निघते, हे कळलं. आपल्या दोन सोंगट्या जोडीनं बसल्या की त्यांच्या केसालाही धक्का लागत नाही, हेही कळलं. फासे तळहातांत घोळवून मनगटाला जरासा झटका देत टाकायची एक लकब मी बसवली. चाल करण्याआधी एक भुवई वर न्यायची. त्या भुवईला आत्याबाई इतक्या घाबरायच्या, की एकदा मला नुसती शिंक येत होती तर त्यांनी स्वतःची चाल बदलली.

बघून शिकण्यात अडचण एकच असते. जे घडतच नाही, ते बघता येत नाही. आमचा सरावाचा एकही डाव शेवटापर्यंत गेला नाही. कधी आत्याबाईंचं गिऱ्हाईक यायचं, कधी जेवणाची वेळ व्हायची. पण शेवटात काय असणार? सोंगट्या घरी गेल्या की जिंकलं. एवढंही कळत नाही असं कोण असतं?

रविवारी सासूबाईंनी पट अंथरला आणि शाळेच्या स्पर्धेची घोषणा करावी तसं जाहीर केलं, "जिंकेल त्या बाजूला गच्चीची खोली! नंतर कुरकुर चालणार नाही!"

"पण आई, तुझ्या मते कुणाला मिळायला हवी?" नवऱ्यानं विचारलं.

"खोली? मिळो कुणालाही. मी हरणार नाही, एवढं मला ठाऊक आहे."

फासे त्या दिवशी माझ्यावर खूश होते. मोठमोठी दानं पडत होती आणि माझ्या हिरव्या सोंगट्या धावत सुटल्या होत्या. पहिली घरात गेली. दुसरी गेली. सासऱ्यांचं मात्र काही जमत नव्हतं. त्यांच्या दोन लाल सोंगट्या अर्ध्या वाटेत उघड्यावर होत्या आणि दोन तर निघाल्याच नव्हत्या. ते अधूनमधून माझ्याकडे बघत. मी त्यांना धीर द्यायला भुवई वर करी.

"ही नुसती पळतेय बघ," आत्याबाई म्हणाल्या.

"पळत नाहीये, ताई. त्यात काहीतरी आहे."

"काय आहे?"

"ते तुला नंतर कळेल," सासरे म्हणाले. ते त्यांनाही नंतरच कळणार होतं, पण विश्वास मोठा.

एकदा तर असं दान पडलं, की मी आत्याबाईंची पिवळी सोंगटी अलगद मारू शकले असते. ती सासऱ्यांच्या लाल सोंगटीच्या पाठीमागेच टपून बसली होती. मी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि आपली तिसरी घरात घातली. सासऱ्यांनी डोळे मिटून मान डोलावली. "मारायची सोडली! वा! याला म्हणतात दूरदृष्टी!"

(मी स्वतः डोळे तपासते. दूरदृष्टी कशाला म्हणतात हे मला चांगलं माहीत आहे. तरी त्या क्षणी मला ते पटलं.)

आणि मग चौथी. फासे थांबले, मी घरं मोजली, सोंगटी मधल्या घरात ठेवली आणि उठून उभी राहिले. लग्न होऊन आल्यापासून त्या घरात मी पहिल्यांदा मोठ्यानं बोलले.

"झालं! चारही घरी!"

नवऱ्यानं शिट्टी मारली. मी आत्याबाईंकडे वळले. त्यांच्या गळ्यात कायम शिवणाची टेप असते. "आत्याबाई, टेप जरा देता? वर खिडकीचं माप घेते, पडद्यासाठी."

त्यांनी मुकाट्यानं टेप काढून दिली. हरलेल्या माणसानं किती उमदेपणानं वागावं याचा तो नमुनाच, असं मला वाटलं.

गच्चीच्या खोलीत आम्ही दोघंच होतो, आणि हातात भाजीची पिशवी नव्हती.

"पलंग इथे," मी म्हटलं.

"होईल."

"कपाट त्या भिंतीला."

"होईल, होईल."

तेवढ्यात खालून सासूबाईंचा आवाज आला, "मेली! लाल मेली!"

"अरे, हे काय चाललंय?" मी विचारलं.

"दुसरा डाव मांडला असेल हौसेनं," नवरा म्हणाला. (शेवटपर्यंत गेलेला डाव या गृहस्थानंही कधी पाहिला नव्हता. आपल्या पायानंच पाहू दिला नव्हता.)

"खेळू देत," मी उदारपणानं म्हटलं आणि खिडकीची उंची घेतली. खालून आणखी दोनदा "मेली!" झालं. मी सासऱ्यांसाठी हळहळले. बिचारे, मी नसले की त्यांचं काही खरं नाही.

तासाभरानं आम्ही खाली आलो तेव्हा सासूबाई पटावर हात झटकत उभ्या होत्या. "जिंकलो! खोली वन्संची!"

"पण माझ्या तर चारही..."

"तुझ्या चारही, आणि यांच्या?" त्यांनी सासऱ्यांकडे बोट दाखवलं. पटावर तीन लाल सोंगट्या केविलवाण्या बसल्या होत्या. "दोन्ही भिडूंच्या आठही घरी गेल्या तरच डाव जिंकला. आणि ज्याच्या चारही गेल्या त्याचे फासे बंद. म्हणून तर शहाणा भिडू एखादी बाहेर ठेवतो, जोडीदाराला सांभाळायला. तू गेलीस निघून, आणि हे एकटे आम्हा दोघींच्या तावडीत!"

मी सासऱ्यांसमोर उभी राहिले. आता ते काहीही बोलले असते तरी मी ऐकून घेतलं असतं.

सासरे सावकाश उठले. त्यांचे डोळे चमकत होते. "ताई," ते म्हणाले, "अजून नाही कळलं तुला? पोरीनं डाव मुद्दाम दिला!"

"म्हणजे?"

"तुला टेबलाला जागा हवी होती. थोरल्या माणसाला नको म्हणायचं नाही, म्हणून हरली. पिवळी हाताशी असताना मारली नाही, पाहिलंस ना? आणि ती टेप! कशाला मागितली असेल? हरल्यावर कुणी पडद्याचं माप घेतं का? टेबलाचं माप घेऊन आलीय ती तुझ्यासाठी!"

आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "खरं की काय, पोरी?"

"नाही हो," मी कळवळून म्हणाले. "मला नियमच माहीत नव्हता!"

"बघ, बघ! वर पुन्हा विनय!" सासरे म्हणाले.

आत्याबाईंनी मला पोटाशी धरलं. त्या संध्याकाळी नवरा आणि मी मिळून ते टेबल तीन वळणांच्या जिन्यानं गच्चीवर नेलं. ते खोलीत अगदी चपखल बसलं. खिडकीखाली, जिथे आमचा पलंग येणार होता तिथे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पांघरूण डोक्यावरून घेऊन पडले होते. सासूबाई दात घासायला निघाल्या होत्या. पलंगापाशी त्या थांबल्या आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या.

"खरंच नियम माहीत नव्हता ना तुला?"

मी पांघरूण खाली केलं. घरात एका तरी माणसानं माझ्यावर विश्वास ठेवला होता! "नव्हता हो, आई. तुम्हाला कसं कळलं?"

"पहिल्याच संध्याकाळी कळलं. फासे पडले की माणूस पटाकडे बघतो. तू आमच्या तोंडांकडे बघत होतीस."

"अहो, मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. धावायच्या शर्यतीत बुटाची नाडी न बांधता उतरलेल्या मुलीकडे त्या असंच बघत असणार.

"सांगितलं असतं, तर जिंकली असतीस ना तू," त्या म्हणाल्या, आणि ब्रशवर पेस्ट लावत पुढे गेल्या.